आपत्कालीन कॉल लागत नव्हते, तरी अलार्म का वाजला नाही? ऑस्ट्रेलियातल्या 'ट्रिपल झिरो' बिघाडातून काय कळतं?

18 सप्टेंबर 2025. ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या मोबाइल कंपनीने मध्यरात्रीनंतर आपल्या नेटवर्कमधली फायरवॉल अपग्रेड करायला घेतली. अशी कामं रात्रीच करतात, कारण तेव्हा वापर कमी असतो. काम झालं, तपासणी झाली. साधे कॉल लागत होते, इंटरनेट चालू होतं.

पण साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या भागांतल्या अनेक ग्राहकांचा 000 हा नंबर लागत नव्हता. 'ट्रिपल झिरो' म्हणजे आपल्याकडचा 112. पोलिस, अँब्युलन्स, फायर ब्रिगेड, सगळं त्याच नंबरवर. ही अवस्था सुमारे 13 तास टिकली. चारशेहून जास्त कॉल पोहोचलेच नाहीत. ज्यांच्या घरून मदतीसाठी फोन करण्याचे प्रयत्न झाले, त्यातल्या काही जणांचा मृत्यू झाला.

अपग्रेड करताना ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, हे कंपनीने मान्य केलं. त्यावर चर्चा खूप झाली. मला त्याहून गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट: एवढा वेळ कंपनीला काही कळलंच कसं नाही?

कंपनीचे प्रमुख स्टीफन रू यांनी दिलेलं उत्तर थोडक्यात असं होतं: देशपातळीवर एकूण कॉलची संख्या नेहमीसारखीच दिसत होती आणि काही आपत्कालीन कॉल अडकत आहेत हे सांगणारा कोणताही अलार्म वाजला नाही. सकाळी काही ग्राहकांनी कॉल सेंटरला कळवलं होतं, पण ती तक्रार वर पोहोचलीच नाही.

नेटवर्कवर 'लक्ष' ठेवतात म्हणजे काय करतात?

टेलिकॉम कंपनी असो, बँक असो की एखाद्या कॉलेजचं वाय-फाय, सगळीकडे साधारण एकच पद्धत असते. राउटर, सर्व्हर, टॉवर यांच्याकडून दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी आकडे मागवले जातात. डेटा जायला-यायला किती मिलिसेकंद लागले, वाटेत किती पॅकेट हरवले, मशीनवर ताण किती आहे, किती कॉल लागले, किती तुटले. झॅबिक्स, नागिओस, प्रोमिथिअस ही या कामाची लोकप्रिय सॉफ्टवेअर. ग्राफानाच्या स्क्रीनवर त्याचे आलेख दिसतात.

आता चोवीस तास आलेखाकडे कोण बघत बसणार? म्हणून प्रत्येक आकड्याला एक मर्यादा लावतात. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. ती ओलांडली की ड्युटीवरच्या इंजिनिअरला मेसेज किंवा फोन जातो. सहसा दोन पायऱ्या असतात. समजा, सर्व्हरवरचा ताण 80 टक्क्यांवर गेला तर सूचना आणि 90 वर गेला तर धोक्याचा इशारा.

ऐकायला सोपं आहे. खरी डोकेफोड मर्यादा कुठे ठेवायची याची. फार खाली ठेवली तर रात्रभर फोन वाजत राहतो. शंभरातले पंच्याण्णव अलर्ट बिनकामाचे निघाले की उरलेल्या पाचांकडेही माणूस कंटाळून बघत नाही. हा आळस नाही हं, कुणाचंही असंच होईल. म्हणून प्रोमिथिअसमध्ये 'ही स्थिती सलग पाच मिनिटं टिकली तरच कळव' अशी अट घालता येते. नागिओस एकदा चूक दिसली की लगेच ओरडत नाही, ठरवून दिलेल्या संख्येइतकं पुन्हा तपासून बघतो आणि मगच कळवतो.

एकूण आकड्यात काय लपलं?

मोठा बिघाड पकडणं सोपं असतं. ऑप्टसचंच नेटवर्क 8 नोव्हेंबर 2023 रोजी देशभर कोसळलं, तेव्हा सुमारे 1 कोटी ग्राहकांचे फोन बंद पडले. ते कळायला कुठल्याही अलार्मची गरज नव्हती. तेव्हाही 2,145 जणांना 000 लागला नव्हता आणि त्यासाठी कंपनीला 1 कोटी 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त दंड भरावा लागला.

2025 ची गोष्ट उलटी होती. समजा, तेवढ्या तासांत 50 लाख कॉल झाले आणि त्यातले 500 अडकले. (आकडे फक्त उदाहरणापुरते.) म्हणजे 0.01 टक्के. एवढा चढउतार तर पाऊस पडला किंवा मॅच सुरू झाली तरी होतो. देशाच्या एकूण आलेखात तो दिसणार कसा?

बरं, आपत्कालीन कॉल वेगळे मोजून 'संख्या घटली की कळव' असं सांगितलं तरी भागत नाही. विरळ वस्तीच्या भागात पहाटे तीन वाजता तासभर एकही कॉल न येणं अगदी नॉर्मल असू शकतं. इथे किती कॉल आले यापेक्षा, आलेल्यांतले किती पोहोचले हे बघावं लागतं. तेही प्रत्येक राज्यासाठी वेगळं. आणि सलग दोन-तीन कॉल फेल गेले तरी फोन वाजला पाहिजे, टक्केवारीची वाट न बघता. सोबत यंत्राने अधूनमधून स्वतःच चाचणी कॉल लावून बघायचा, विशेषतः अपग्रेडनंतर. यातलं काहीच नवं तंत्रज्ञान नाही. कुठल्या आकड्याला मर्यादा लावायची, एवढाच निर्णय आहे आणि तो माणसं घेतात.

आणखी एक अडचण होती. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क अजिबात मिळत नसेल तर फोन आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लावू शकतो. इथे टॉवर चालू होते, काड्या दिसत होत्या. त्यामुळे अनेक फोन आपल्याच नेटवर्कला चिकटून राहिले.

भारतात काय नियम आहेत?

आपल्याकडे 'ट्राय'चे सेवेच्या दर्जाबाबतचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. जिल्हा पातळीवर चार तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर कंपनीने 24 तासांच्या आत ट्रायला कळवायचं. बिघाड 24 तासांहून लांबला तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव व्हॅलिडिटी.

चार तास आणि अख्खा जिल्हा, हाही एक थ्रेशोल्डच. नेटवर्क पूर्ण गेलं तर तो उपयोगी आहे. पण ऑप्टसच्या बिघाडात सेवा 'बंद' नव्हतीच, रील्स चालत होत्या. तसाच प्रकार गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये झाला, म्हणजे गावात व्हॉट्सअ‍ॅप सुरू आहे आणि फक्त 112 लागत नाही, तर तो या मोजमापात बसणं अवघड आहे. 112 चे कॉल जिल्हानिहाय किती पोहोचले आणि किती वाटेत तुटले, हा आकडा कंपन्यांनी दरमहा जाहीर करावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

तोवर एक लक्षात ठेवा. तातडीच्या वेळी 112 लागला नाही तर शेजारच्याच्या फोनवरून, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावून बघा. अँब्युलन्ससाठी 108 आहेच. आणि नंतर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा नंबर मागून घ्या.