बालक बरे झाले, हे ठरवावे कशाने?

मंडणगडसारख्या डोंगराळ तालुक्यात तीव्र कुपोषित बालक उपचार संपवून पुढे आपल्याच दवाखान्यात येते. ‘वजन वाढले’ एवढ्यावरून त्यास बरे म्हणणे सयुक्तिक नव्हे. पूर्वी 15 टक्के वजनवाढ पुरेशी मानीत; परंतु अतिकृश बालक एवढे वाढूनही कृशच राहते, आणि सूज उतरताना तर वजन घटते! जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये तो निकष त्याज्य ठरविला. तिच्या 2023 च्या मार्गदर्शिकेनुसार, सहा महिने ते पाच वर्षांखालील बालकाचा दंडघेर सलग दोन भेटींत किमान 125 मिलिमीटर हवा, उंचीच्या मानाने वजन हवे, सूज नसावी. काश्यपांनीही फक्करोग वजनावरून नव्हे, वर्षाचे मूल चालते काय यावरून ओळखला. बल्य अवलेह देणाऱ्या औषधालयात दंडघेराची फीत का नसावी?