एकच पदार्थ, एकच भाव

आमच्या महाविद्यालयासमोर मिसळीचे एक दुकान होते. सहा बाके, भिंतीवर गणपतीची तसबीर आणि दराच्या पाटीवर तीनच ओळी : मिसळ, जादा पाव, ताक. सकाळी आठला दुकान उघडे आणि दुपारी एकच्या सुमारास रस्सा संपला की फळ्या लागत. दोन तासांमधल्या सुट्टीत खाऊन वेळेवर वर्गात परतता येई. त्यामुळे विद्यार्थी, कचेरीतले कारकून आणि आम्ही प्राध्यापक एकाच बाकावर बसत असू. दोन वर्षांपूर्वी ते दुकान गेले. आता तिथे आगगाडीच्या डब्यासारखे सजविलेले उपाहारगृह आहे. खेळण्यातली गाडी रुळांवरून धावत बशा आणून पोचविते. दरपत्रक बारा पानांचे आहे. मिसळ तिथेही मिळते. मात्र एका मिसळीच्या पैशांत वसतिगृहातल्या मुलाचे खानावळीतले दोन वेळचे जेवण होते.

गेलेल्या दिवसांबद्दल हळहळ व्यक्त करावी, हा या लेखाचा हेतू नाही. एकाच पदार्थावर चालणारे दुकान आणि एकाच चमत्कृतीवर चालणारे दुकान ही वरवर पाहता सारखीच जगावेगळी वाटतात. वस्तुतः त्यांचे अर्थशास्त्र परस्परविरुद्ध आहे, आणि सामान्य माणसाच्या दुपारच्या खाण्याचा प्रश्न त्या विरोधात गुंतलेला आहे.

मर्यादेचे बळ

एकपदार्थी उपाहारगृह ही काही गरिबांचीच कल्पना नव्हे. पॅरिसमध्ये पोर्त मायो भागात 1959 साली पॉल जिनेस्त द सोर्स या गृहस्थाने एक उपाहारगृह काढले. तिथे आरंभी अक्रोड घातलेली कोशिंबीर, त्यानंतर मांसाचा काप आणि तळलेले बटाटे, एवढाच बेत. मुख्य पदार्थाची निवड करायची नसल्याने त्याचे दरपत्रकही नाही. मांस कितपत शिजवायचे, एवढेच विचारतात. या आटोपशीरपणामागे व्यवहार होता. घरच्या द्राक्षमळ्यातल्या मद्याला हमखास गिऱ्हाईक हवे होते, आणि ते मिळवून देण्याचे काम त्या एका पदार्थाकडे सोपविले होते. पुढे या उपाहारगृहाची शाखा लंडनमध्येही निघाली.

आपल्याकडे ठाण्याच्या मामलेदार मिसळीचे नावच तिचे गिऱ्हाईक कोण होते ते सांगते. शेजारी मामलेदार कचेरी. तिथे कामासाठी येणारी माणसे आणि तिथले नोकर हा ठरलेला राबता. दादर स्थानकाबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव विकावयास आरंभ केला असे सांगतात. त्या पदार्थालाही घाईत असलेल्या चाकरमान्यांचा आणि गिरणी कामगारांचा आधार होता. श्रमविभागणीला बाजारपेठेच्या विस्ताराची मर्यादा असते, हा ॲडम स्मिथचा 1776 मधला सिद्धान्त आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्याचे उदाहरण रस्त्याच्या पलीकडेच होते. रोज ठराविक वेळी ठराविक माणसे येणार असतील, तरच एखाद्याला जन्मभर एकच पदार्थ करणे परवडते.

ते कसे परवडते, याचा हिशेब कठीण नाही. मोड आलेली मटकी किती लागेल हे आदल्या दिवशीच ठाऊक असते. म्हणून नासाडी जवळजवळ नसते. एकच काम रोज केल्याने हात बसतो आणि चार माणसांचे काम दोघांत होते. पण खरी मेख आहे ती जागेच्या भाड्यात. समजा, दुकानात 24 माणसे बसतात आणि दिवसाचे भाडे 4,800 रुपये आहे. प्रत्येक गिऱ्हाईक पंधरा मिनिटांत उठले, तर भरगर्दीच्या पाच तासांत 480 बशा जातात आणि बशीमागे भाड्याचा बोजा दहा रुपयांचा पडतो. तेच गिऱ्हाईक गाडी बघत, छायाचित्रे काढत तासभर बसले, तर त्याच पाच तासांत 120 बशा जातात आणि बोजा चाळीस रुपयांवर जातो. मिसळीत फरक काहीच पडलेला नसतो. वाढलेले तीस रुपये खुर्चीचे असतात.

चमत्कृतीची झीज

चमत्कृतीला आणखीही एक रोग असतो. ती झपाट्याने झिजते. चांगल्या मिसळीसाठी माणूस शंभर वेळा जातो. रुळांवरची गाडी बघायला दोनदा, फार तर तीनदा. मग नवे गिऱ्हाईक आणण्यासाठी नवी सजावट करावी लागते आणि तिचाही खर्च बशीवरच चढतो.

तथापि, सर्वच अभिनव कल्पना पोकळ असतात असे मानणे अन्यायाचे होईल. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे 1999 साली ‘ब्लिंडेकू’ नावाचे उपाहारगृह एका सेवाभावी प्रतिष्ठानाच्या वतीने सुरू झाले. तिथे पूर्ण अंधारात जेवावे लागते आणि दृष्टिहीन कर्मचारी वाढतात. डोळस पाहुणा चाचपडत असतो, आणि ज्याला एरवी कुणी काम देत नाही तोच तिथे वाटाड्या होतो. त्या अंधारातून रोजगार निर्माण झाला. तेव्हा कसोटी एवढीच लावावी : कल्पना काही काम करते, की नुसते भाडे वाढविते?

शासनाचे एकपदार्थी दुकान

एकपदार्थी दुकानाचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या राज्यात शासनानेच केला. 1995 साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. ठिकठिकाणी मोक्याच्या जागा केंद्रांना देण्यात आल्या. योजनेत पदार्थाची निवड अचूक होती. झुणका-भाकर करायला सोपी, पोटभरीची आणि सर्वांच्या ओळखीची. चूक झाली ती किमतीत. एक रुपया ही घोषणा होती, हिशेब नव्हता. ज्वारी, डाळीचे पीठ, तेल, सरपण यांचे भाव घोषणेसाठी थांबत नाहीत. 1999 मध्ये सरकार बदलले, पुढे योजनाही गुंडाळली गेली, आणि कित्येक केंद्रांच्या जागी वडे-भज्यांची नि चायनीजची दुकाने थाटली गेली. जागा सवलतीची राहिली, पदार्थ आणि भाव मात्र बाजाराचे झाले. याचा दोष केंद्रचालकांच्या नीतिमत्तेवर ढकलणे सोपे आहे. परंतु जो भाव परवडत नाही तो पाळण्याची अपेक्षा किती दिवस करावयाची, याचेही उत्तर द्यावयास हवे होते.

26 जानेवारी 2020 पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेने या अनुभवातून थोडे शिकून घेतले. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे ताट. गिऱ्हाइकाने दहा रुपये द्यावयाचे. शहरी भागात ताटाची किंमत 50 रुपये, तर ग्रामीण भागात 35 रुपये धरून उरलेले अनुक्रमे 40 आणि 25 रुपये शासनाने द्यावयाचे, असे ठरले. उणीव कोण भरणार, हे निदान या वेळी आकड्यांत लिहिले गेले. पण लिहिलेला आकडा वेळेवर हाती पडला पाहिजे आणि डाळीच्या भावाबरोबर हललाही पाहिजे. उधारीवर किराणा आणणाऱ्या चालकाला महिनोन्‌महिने देयकासाठी ताटकळावे लागले, तर तो चपाती पातळ करील किंवा दुकान बंद करील. त्याला तिसरा मार्ग नसतो.

काय करता येईल

अशा मदतीने माणसे आळशी होतात, असा आक्षेप घेतला जातो. दुपारी दहा रुपयांचे ताट खाऊन कुणी हमाली सोडल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. रोज एकच पदार्थ खाणे प्रकृतीला बरे नव्हे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यास्तव दुकान एकपदार्थी असावे, परंतु अशी दुकाने चार-पाच असावीत, हेच त्याचे उत्तर.

त्यासाठी मोठ्या घोषणेची गरज नाही. महाविद्यालये, कचेऱ्या, एसटी स्थानके आणि नगरपालिका यांच्याकडे लहान जागा असतात. त्या माफक भाड्याने द्याव्यात. करारात पदार्थ नमूद असावा आणि भाव दरवर्षी धान्य-डाळीच्या बाजारभावानुसार ठरावा. पदार्थ बदलला तर जागा परत घ्यावी. चालविणारी माणसेही शोधावी लागणार नाहीत. गिरणगावातल्या खानावळी चालविणाऱ्या बायकांना संघटित करून 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. या बायकांना हिशेब येतो. त्यांना अडते ते भांडवल आणि जागा.

समोरच्या दुकानाचा मालक निरोप घ्यायला आला होता, तेव्हा त्याने कुणाबद्दल तक्रार केली नाही. गिऱ्हाईक कमी झाले नव्हते, भाडे तिप्पट झाले, एवढेच त्याने सांगितले. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात सायकलींसाठी बांधलेली पत्र्याची शेड बरीच वर्षे रिकामी पडून आहे. तिथे सहा बाके सहज मावतील.