लांबी बाबांची, जाडी लेकीची

शिंप्याकडून शर्ट शिवून घ्यायचे दिवस गेले म्हणता म्हणता आपण पुन्हा ‘कस्टम’वर आलो आहोत. सायकलचं सॅडल, धावायचे बूट, ऑफिसची खुर्ची, सगळं आपापल्या मापाचं हवं. मग वीकेंडला खाडीवर गरवायला जाणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय? आपल्याकडेही आता नुसता ब्लँक, म्हणजे रॉडची कोरी कार्बनची नळी, मागवून त्यावर हवा तसा स्पिनिंग रॉड बांधून घेणारे हौशी भेटतात. फक्त होतं काय, की सगळी चर्चा ब्लँकपाशीच संपते. कार्बन कुठला, अॅक्शन फास्ट की मॉडरेट, गाइडवरचा धागा लाल की निळा, यावर रात्री जागवल्या जातात. आणि हँडल? ‘ते काय, लावा नेहमीसारखं!’

बॉस, नेहमीसारखंच लावायचं होतं तर दुकानातला रेडीमेड रॉड काय वाईट होता?

रॉडचा ब्लँक कुणाचाही असो, तो माशाशी बोलतो. हँडल मात्र तुमच्या हाताशी बोलतं. मनगट, कोपर, खांदा, तळव्याचा आकार, सगळा हिशेब तिथे होतो. आणि हा हिशेब एकदाच करायचा असतो. रील सीट इपॉक्सीने चिकटली की ती पुन्हा काढणं म्हणजे ग्रिप आणि सीट कापून काढणं, आणि त्यात ब्लँकला चरा पडला तर सगळंच मुसळ केरात.

मेलबॉक्समधला पेच

या आठवड्यात हा विषय घ्यायचं कारण म्हणजे पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीची मेल. ती आयटीत आहे, उंची पाच फूट दोन इंच. बाबा रिटायर होऊन कोकणातल्या घरी राहतात, उंची पाच फूट नऊ. त्यांनी आयुष्यभर हातदोरीने गरवलं. आता उजवा खांदा कुरकुरतो, तरी खाडीच्या तोंडाशी जिताड्याच्या मागे जाणं सुटत नाही. लेकीने ठरवलंय, साडेसात फुटी मीडियम हेवी ब्लँकवर एक झकास रॉड बांधून घ्यायचा. रॉड गावीच राहणार. महिनाभर बाबा वापरणार, दोन वीकेंड ही.

आता प्रश्न असा की माप कुणाचं घ्यायचं? तिच्या कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटर, बाबांचं ३५. तिला डोळ्यांसमोर दिसतोय तो मधे ब्लँक उघडा ठेवलेला स्प्लिट ग्रिप, तोही कॉर्कचा. रॉड बांधणारा म्हणतोय, मधलं साडेबत्तीस घ्या आणि मोकळे व्हा.

साडेबत्तीस घेऊ नये. का, ते एकेक करून पाहू.

मागे किती?

हँडलची सगळ्यात महत्त्वाची लांबी म्हणजे रीलच्या दांड्यापासून रॉडच्या बुडापर्यंतची, म्हणजे बटापर्यंतची. हलक्या, एका हाताने फेकायच्या रॉडचा साधा फंडा असा: रील धरा, रॉड हाताच्या रेषेत ठेवा, बट कोपराच्या जरा अलीकडे थांबला पाहिजे. त्यापुढे गेला तर टोक खाली करून ल्युअरला झटके देताना तो हाताला, जॅकेटला, बॅगेच्या पट्ट्याला अडकतो. कयाकमध्ये बसून गरवणारे म्हणूनच बट आखूड ठेवतात.

जड ल्युअर दोन हातांनी फेकायचा असेल तर गणित उलटं होतं. त्यात उजवा हात टेकू आणि डावा हात इंजिन. उजवा हात रीलपाशी जवळजवळ जागेवरच राहतो आणि डावा बट आपल्याकडे ओढतो. दोन हातांत अंतर जितकं जास्त तितकं कमी जोरात काम होतं. हे अंतर कमी पडलं की फेकण्याचा भार उजव्या खांद्यावर येतो. बाबांचा कुरकुरणारा खांदा नेमका तोच!

म्हणजे ३० सेंटिमीटरवर लेकीला मस्त वाटेल, पण बाबांचा खांदा सकाळभरात बोलायला लागेल. ३५ वर बाबा खूश, आणि लेकीला बट कोपराच्या थोडा पुढे लागेल. पण तीही दोनच हातांनी फेकणार आहे. तिला त्रास होईल तो फक्त टोक खाली करून झटके देताना, तोही महिन्यातले दोन वीकेंड. एकाची गैरसोय आणि दुसऱ्याचं दुखणं यांची सरासरी काढायची नसते. साडेबत्तीसमध्ये तिची गैरसोय अर्धी उरते आणि बाबांचं दुखणंही अर्धं उरतं. लांबी बाबांची.

यात एक बोनस आहे. सीट पुढे सरकली की हाताच्या पुढे ब्लँक कमी उरतो, त्यामुळे टोक खाली ओढल्यासारखं वाटत नाही. साडेसात फूट म्हणजे साधारण २२९ सेंटिमीटर. त्यातले पाच पुढून कमी झाले तर फेकीत कळणारही नाही, मनगटाला मात्र कळेल.

स्प्लिट की फुल?

स्प्लिट ग्रिप दिसतो कूल, यात वाद नाही. मधला भाग काढल्याने काही ग्रॅम वाचतात हेही खरं. पण ते ग्रॅम वाचतात मागून, आणि मागचं वजन तर टोकाला तोलून धरत असतं. रॉड एकूण हलका होतो, पण हातात टोकाकडे झुकल्यासारखा वाटू शकतो. काही जण मग बटात वजन भरतात. म्हणजे आधी डाएट, मग वडापाव!

आपल्या केसमध्ये स्प्लिटची खरी अडचण वेगळीच आहे. स्प्लिट ग्रिपमध्ये दुसरा हात कुठे धरायचा हे रॉड बांधणारा ठरवतो. बुडाशी छोटी मूठ दिली की डावा हात तिथेच जाणार. फुल ग्रिप सीटपासून बुडापर्यंत सलग असतो, त्यामुळे डावा हात कुठेही बसतो. बाबा अगदी शेवटाला धरतील, लेक चार बोटं अलीकडे. एकाच रॉडवर दोन मापं! एकट्याचा रॉड असेल आणि हाताची जागा पक्की ठाऊक असेल तर स्प्लिट खुशाल घ्या. दोघांत एक रॉड असेल तर फुल.

मूठ किती जाड?

आता लेकीची पाळी. स्पिनिंग रीलचा दांडा बोटांमध्ये धरतात, बहुतेक जण मधलं बोट आणि अनामिका यांच्यात. म्हणजे दिवसभर तळवा असतो तो सीटवरच. फुजीसारख्या कंपनीच्या सीटच्या नावात १६, १७, १८ असे आकडे येतात. आकडा वाढला की आतलं भोक आणि बाहेरची जाडी दोन्ही वाढतात. लहान तळव्याला जाड सीट दिली की बोटं पूर्ण वळत नाहीत, पकड घट्ट ठेवायला जोर लावावा लागतो आणि दुपारपर्यंत पंजा आखडतो. दिवसभर माउस धरणाऱ्या पंजाला हे वेगळं सांगायला नको.

बारीक मूठ जाड करता येते. बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळतो तशी ग्रिप टेप दोन वेढे मारली की काम झालं. जाड मूठ बारीक करता येत नाही. सीटवर तर नाहीच नाही. त्यामुळे जाडी लेकीची. बाबांना बारीक वाटलं तर टेप आहेच, आणि ती येताजाता काढता-लावता येते.

फक्त दोन गोष्टी तपासा. सीटच्या भोकातून त्या जागची ब्लँकची जाडी गेली पाहिजे, आणि उरलेली फट आर्बरने नीट भरली पाहिजे. दुसरं म्हणजे तुमच्या रीलचा पाय सीटच्या हूडमध्ये पूर्ण बसला पाहिजे. ४००० साइजचं रील वापरणार असाल तर तेच रील घेऊन जा. कॅटलॉग बघून ठरवू नका.

नट पुढे की मागे?

सीटचा एक हूड पक्का असतो, दुसरा नटाने सरकतो. सरकणारा हूड बटाच्या बाजूला असून टोकाकडे आवळला जात असेल तर ती अप-लॉक. सरकणारा हूड पुढे असून बटाकडे आवळला जात असेल तर डाउन-लॉक. यात चांगलं-वाईट काही नाही, प्रश्न आहे थ्रेड हाताच्या कुठल्या भागाखाली येतात एवढाच. अप-लॉकमध्ये नट आणि थ्रेड करंगळीच्या आणि तळव्याच्या बाजूला येतात आणि पुढची बोटं गुळगुळीत भागावर राहतात. डाउन-लॉकमध्ये ते तर्जनीच्या बाजूला येतात. काही बांधणीत नट पुढच्या ग्रिपमध्येच बसवतात, मग थ्रेड झाकले जातात.

तर्जनी ब्लँकवर टेकवून माशाची टकटक ओळखायची सवय असेल तर अप-लॉक घ्या. कुठलीही घेतली तरी खाडीवरून आल्यावर नट सैल करून गोड्या पाण्याने धुवा. वाळू आणि मीठ थ्रेडमध्ये बसलं की पुढच्या वेळी पकड आणावी लागते.

सीटच्या पुढची ग्रिप छोटी ठेवा, चार-पाच सेंटिमीटर पुरे. मोठा मासा लागला की दुसरा हात तिथे जातो, म्हणून ती अजिबात नको असंही नाही.

कॉर्क की ईव्हीए?

कॉर्क म्हणजे कॉर्क ओकची साल. पोर्तुगाल हा त्याचा सगळ्यात मोठा उत्पादक, आणि एकदा साल काढली की त्या झाडाला पुढची नऊ वर्षं तरी हात लावत नाहीत. हाताला ऊबदार, ओल्या हातातही छान. पण चांगल्या प्रतीचा कॉर्क महाग, आणि स्वस्त कॉर्कची भोकं लुकणाने भरलेली असतात. ते लुकण वापरता वापरता गळतं. कातळावर ठेवला की टवके उडतात. ईव्हीए हा बंद पेशींचा फोम आहे. पाणी पीत नाही, साबणाने माशाचा चिकटा निघतो, आपटला तरी टवका उडत नाही. खारं पाणी, कातळ आणि एसटीचा प्रवास हा दिनक्रम असेल तर घट्ट, हाय डेन्सिटी ईव्हीए. कॉर्कची हौस असेलच तर बुडाशी रबर मिसळलेल्या कॉर्कची कडी बसवून घ्या. रॉड टेकतो तो तिथेच.

हँडल आधी, गाइड नंतर

हे सगळं आधी ठरवायचं आणखी एक कारण. स्पूलवरून सुटलेली लाइन वेटोळी घेत येते आणि पहिल्या काही गाइडमध्ये हळूहळू आवळली जाते. त्या गाइडच्या जागा रीलपासून मोजतात. फुजीच्या न्यू गाइड कन्सेप्टमध्ये स्पूलच्या व्यासाच्या साधारण २७ पट अंतरावर ‘चोक’ गाइड धरतात, जिथून पुढे सगळे गाइड लहान. ५० मिलिमीटरचा स्पूल असेल तर सुमारे १३५ सेंटिमीटर. आता सीट पाच सेंटिमीटर सरकली की हे सगळं गणित सरकलं. म्हणून गाइड बांधून झाल्यावर ‘हँडल जरा मागे घ्या ना’ असं सांगणारा गिऱ्हाईक रॉड बांधणाऱ्याला नकोसा होतो.

दोन रुपयांची नाही, दोन मिनिटांची टेप

मग खात्री कशी करायची? मास्किंग टेप. ब्लँक आला की रील त्यावर टेपनेच बांधा. आधी ३० वर, मग ३५ वर. डाव्या हाताची जागा टेपचा वेढा मारून खूण करा. ल्युअर न लावता दोन्ही हातांनी पन्नास वेळा फेकायची नुसती अॅक्शन करा. मग टोक खाली करून पन्नास झटके. अंगात जे जॅकेट घालून खाडीवर जाता तेच घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे दुखतंय ते बघा. ज्या मापावर दुखलं नाही ते तुमचं माप.

अमेरिकेत हलक्या रॉडचा टेनेसी हँडल नावाचा प्रकार आहे. त्यात सीटच नसते. सलग कॉर्क असतो आणि रील टेपने किंवा सरकत्या कड्यांनी हवं तिथे बांधतात. आपल्या मध्यम-जड रॉडला कायमची तशी सोय शोभणार नाही, पण आयडिया तीच: हाताला आधी बोलू द्या.

आणि हो, बाबांचं माप फोनवर मागवू नका. कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर सांगता येतं, पण खांदा कुठल्या क्षणी खटकतो हे सांगता येत नाही, ते समोर उभं राहूनच दिसतं. शिवाय विचारलं तर कुठलेही बाबा ‘काही नाही, बरंय सगळं’ असंच सांगणार. दोन तुकड्यांचा साडेसात फुटी ब्लँक चार फुटांच्या पिशवीत मावतो. तेवढा घेऊन एक वीकेंड गावी जा. टेप आधी, इपॉक्सी नंतर.

झटपट चेकलिस्ट

• एका हाताची फेक: बट कोपराच्या अलीकडे. दोन हातांची फेक: कोपराच्या थोडा पुढे गेला तरी चालेल.
• दोघांत एक रॉड: लांबी ज्याला दुखणं आहे त्याची, जाडी लहान तळव्याची, ग्रिप सलग.
• तोल बघताना रील लावूनच बघा. रीलशिवाय तोललेला रॉड म्हणजे चाकाशिवाय चालवून पाहिलेली बाइक.
• ऑर्डर देताना ‘रीलच्या दांड्यापासून बटापर्यंत इतके सेंटिमीटर’ असं लिहूनच द्या. ‘मीडियम हँडल’ हे माप नाही.