सायकलीच्या पोटांतील शिदोरी

प्रवासाला निघतांना शिदोरी बरोबर घ्यावी, हें आपल्याकडे लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या वाहनावर प्रवास करावयाचा, त्याच्या शिदोरीचा विचार आपण बहुधा तें वाहन रस्त्यांत अडून बसल्यानंतर करतों. जुन्या काळचा गाडीवान या बाबतींत आपल्याहून दूरदर्शी होता. त्याच्या बैलगाडीखालीं वंगणाचा नळा टांगलेला असे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडी थांबवून तो तेथल्या तेथें वंगण घाली. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जी युक्ति मांडणार आहों, ती त्या नळ्याचाच नवा अवतार होय. डोंगरांत चालवावयाच्या सायकलीच्या नळ्यांतच दुरुस्तीचीं अवजारें दडवून नेण्याची ही युक्ति आहे.

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेस लागलें कीं कोन लागतें. खाडीकांठच्या या गांवावरून आतां मालमोटारींची रीघ अहोरात्र चालू असते. अशा ठिकाणाहून एखादा मुलगा वा मुलगी रविवारीं पहांटे जाड टायरांची सायकल घेऊन वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे, किंवा त्याहून धाडसानें माळशेजच्या वाटेनें निघाली, म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या मनांत एकच प्रश्न असतो: दिवेलागणीपूर्वीं मूल घरीं येईल ना? मोठ्या रस्त्यावर तारेचा तुकडा वा खिळा आणि पुढें मातीच्या वाटेवर बाभळीचा कांटा, एवढेंही या प्रश्नाचें उत्तर बिघडविण्यास पुरतें. गांवांत पंक्चर काढणारा हांकेच्या अंतरावर असतो, रानांत नसतो. शिवाय या नव्या सायकलींचा व्हॉल्व्ह पुष्कळदां बारीक, फ्रेंच पद्धतीचा असतो. त्याला साध्या दुकानांतील पंप लागत नाहीं. मध्यें बसवावयाची पितळेची लहानशी टोपी जवळ नसेल, तर दुकान सांपडूनही उपयोग होत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं जुन्या काळ्या सायकलीच्या बैठकीमागें लोंबणारी चामड्याची पिशवी पाहिली असेल. तींत दुतोंडी पान्हा, पॅच व सोल्यूशनची नळी असे. पंप सांगाड्याच्या दांड्याला लावलेला असे. सपाट रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम होती. डोंगरांतील सायकलीची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९७० नंतरच्या दशकांत हा प्रकार रूढ झाला. दगडधोंड्यांवरून उतरतांना तिला असे हादरे बसतात कीं बाहेर टांगलेलें सामान सैल होऊन पडतें. बरें, सामान पाठीवरच्या पिशवींत घ्यावें, तर पडण्याच्या प्रसंगीं लोखंडी पान्हा थेट पाठीच्या कण्यावर आपटण्याचें भय. तेव्हां अवजारांना सुरक्षित जागा हवी असेल, तर ती सायकलीच्या पोटांतच शोधणें प्राप्त झालें.

येथें कोणी विचारील कीं, सायकलीच्या पोटांत रिकामी जागा असतेच कां? नळी वांकूं लागली म्हणजे ताण पडतो तो मुख्यतः बाहेरच्या कडेवर. मधोमध असलेला धातु जवळजवळ आळशासारखा बसून असतो. भरीव दांड्याच्या मधोमध निम्म्या व्यासाचें भोंक ठेविलें, तर वजन चौथाईनें घटतें, पण वांकण्यास विरोध करणारी शक्ति अवघी सोळाव्या हिश्शानें कमी होते. बांबूला हें गणित निसर्गानें आधींच शिकविलें आहे. आणि पोकळींत उपयोगाची वस्तु ठेवण्याची कल्पना भिवंडीच्या माणसास नवी वाटूं नये. जुन्या पद्धतीच्या मागावर धोटा धांवतो, तो आपल्या पोटांत सुताची कांडी घेऊनच.

आतां या जागा कोणत्या, तें पाहूं. पहिली हॅन्डलच्या दोन्ही टोंकांची. तेथील बुचें काढून एका बाजूस टायरचें भोंक बुजविण्याची सुई व रबराच्या वाती, दुसरीकडे सांखळी तोडण्याचें छोटें यंत्र बसतें. दुसरी जागा हॅन्डलखालून पुढच्या फोर्ककडे उतरणाऱ्या उभ्या नळीची. तिचा वरचा बाहेरील व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. कॅनडांतील वनअप कंपनीनें २०१७ सालीं या नळींत मावणारी अवजारांची जुडी बाजारांत आणली. तींत षट्कोनी पान्हे असून बसल्या जागेवरून हात खालीं नेतांच तीं अवजारें हातीं येतात. तिसरी जागा पायट्यांचे दोन दांडे जोडणाऱ्या पोकळ आंसाची. चौथी व सर्वांत ऐसपैस जागा पाण्याच्या बाटलीमागील तिरप्या नळीची. अमेरिकेंतील स्पेशलाइज्ड कंपनीनें २०१५ सालीं आपल्या स्टंपजंपर सायकलीच्या या नळीला झांकण ठेवून आंत कपाटच केलें. त्यांत गुंडाळलेली ट्यूब, पंप, इतकेंच काय, पावसाचा पातळ अंगरखाही राहतो.

ही युक्ति पाहून कोणी उत्साही तरुण घरच्या सायकलीच्या नळीला भोंक पाडूं लागेल, तर वडिलांनीं त्याचा हात तात्काळ धरावा. कारखान्यांत झांकण ठेवतात, तेव्हां भोंवतालची कड मुद्दाम जाड करून गेलेलें बळ भरून काढतात. घरीं पाडलेल्या भोंकाच्या कडेपासून चीर सुरू होते, आणि ती सायकल उतारावर असतांनाच दगा देते. उभ्या नळींतील अवजारांविषयींही सावधगिरी हवी. त्यांच्या कांहीं प्रकारांसाठीं नळीच्या आंत आटे पाडावे लागतात. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें, व नळी कार्बनची असल्यास मुळींच करूं नये.

स्वतःच्या दुरुस्तीचा भार स्वतः वाहण्याची परंपरा मोठी आहे. १९१३ सालीं फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत ख्रिस्तोफ नामक स्वाराचा फोर्क तुर्मले घाटांत मोडला. परसाहाय्य घेण्यास नियमानें बंदी होती. तो सायकल खांद्यावर घेऊन खालच्या गांवांत चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर आपल्या हातांनीं फोर्क जोडून घेतला. एका मुलानें तेवढा भाता ओढला, म्हणून त्यास दंडही झाला! आपल्याकडे १९२३ सालीं मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परत आले. उलट, नाशिकचे महाजन बंधु २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडण्याच्या शर्यतींत यशस्वी झाले, तेव्हां नियमाप्रमाणें त्यांच्यामागें मदतनिसांचें पथक होतें. आपल्या मुलांमागें असें पथक कोठून असणार? त्यांचें पथक म्हणजे त्या नळींतील चार अवजारें.

परंतु या सोयीच्या पोटांतच एक धोका आहे, व आमच्या मतें तोच सर्वांत मोठा. चामड्याची पिशवी डोळ्यांसमोर लोंबत असे. ती रिकामी झाली तर दिसे. नळींतील कपाट भरलेलें आहे कीं रितें आहे, हें बाहेरून कळत नाहीं. एकत्र कुटुंबांत एक सायकल चार भावंडें वापरतात. थोरल्यानें ट्यूब वापरली, सांगावयास विसरला, आणि पुढच्या रविवारीं धाकटा मोठ्या भरंवशानें घाटांत गेला, म्हणजे काय होईल, तें सांगावयास नको. सोल्यूशनची नळी एकदां फोडली कीं कांहीं महिन्यांत सुकते. टायरमधील भोंक बुजविणारा द्रवही आपल्याकडील उन्हाळ्यांत लवकर आटतो. कोंकणपट्टीच्या पावसांत लोखंडी पान्हे गंजून नळींत रुतून बसतात, यास्तव त्यांना तेलाचा हात पुसून कापडांत गुंडाळावें. त्यामुळें त्यांचा खडखडाटही थांबतो.

म्हणून आमची सूचना अशी. ज्यानें वस्तु वापरली, त्यानें त्याच सायंकाळीं ती भरून ठेवावी, हा घरचा नियम असावा. महिन्यांतून एकदां सर्व अवजारें अंगणांत काढून तपासावीं, आणि त्याच वेळीं घरांतील प्रत्येक सायकलस्वारानें, मुलीनेंही, एकदां टायर उतरवून व चढवून दाखवावा. हें ज्याला अंगणांत जमत नाहीं, त्याला तें तिन्हीसांजेच्या वेळीं रानांत जमणार नाहीं. नळींतील पान्हा त्याच्या दृष्टीनें लोखंडाचा तुकडाच होय. ज्या हातांना ही संवय लागली आहे, त्यांना पहांटे निरोप देतांना आई-आजींनीं जेवणाच्या डब्याबरोबर खुशाल थोडा धीरही बांधून द्यावा.