दुरुस्ती झाली, पण तुमच्या फोनच्या ब्रँचवर आली का?

फेब्रुवारी २०२२. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत काम करणाऱ्या मॅक्स केलरमनला लिनक्स कर्नलमध्ये एक भोक सापडलं. जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तिच्यातच लिहिता येत होतं. याला ‘डर्टी पाइप’ नाव पडलं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच असल्यामुळे पिक्सेल ६ सारखा तेव्हाचा कोरा फोनही त्यात सापडला. दुरुस्ती होती फक्त दोन ओळींची. २० तारखेला त्यानं कळवलं, २३ ला दुरुस्त कर्नल बाहेर. अँड्रॉइडच्या सुरक्षा पत्रकात मात्र ती आली मे महिन्यात.

मधले दोन महिने कुठे गेले, हे समजायला रिलीज ब्रँच समजून घ्यावी लागते.

कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. फोन कंपन्या एवढ्या वेगानं पळत नाहीत. कॅमेरा, मॉडेमचे ड्रायव्हर एका आवृत्तीवर एकदा बसले की ती तीच धरून ठेवतात. म्हणून काही आवृत्त्यांची वेगळी ब्रँच काढून तिच्यात फक्त दुरुस्त्या टाकत राहतात. अमरावती विद्यापीठाच्या पोरांना हे पटकन कळेल: नवा पॅटर्न आला तरी जुन्या पॅटर्नवाल्यांचे पेपर काही वर्षं निघतातच, पण त्यात नवा धडा घालत नाहीत.

इथले नियमही कडक आहेत. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत गेलेली हवी, शंभर ओळींपेक्षा मोठी नको, आणि खरा बग सुटायला हवा. मग ती एकेका जुन्या ब्रँचवर नेतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. डर्टी पाइपची दुरुस्ती अशीच ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये आली. पहिले दोन आकडे म्हणजे ब्रँच, तिसरा म्हणजे त्या ब्रँचवरचं कितवं दुरुस्त रिलीज. गंमत म्हणजे हा बग ५.८ पासूनचा, त्यामुळे ४.१९ वाले जुने फोन यातून सुटले! जुनं म्हणजे धोक्याचंच, असं सरसकट नसतं. ब्रँच जिवंत आहे का, ते महत्त्वाचं.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी म्हणून निवडक ब्रँच सहा वर्षं सांभाळायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नलवाल्यांनी सांगितलं की पुढे दोनच वर्षं. कारण सरळ आहे, सांभाळणारे मोजके लोक थकलेत आणि इतक्या जुन्या ब्रँच वापरणारेही फार नाहीत. ऑक्टोबर २०१८ ची ४.१९ डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली.

त्याच सुमारास पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ आले ते सात वर्षांच्या अपडेटचं वचन घेऊन. तेव्हा इकडे दोन, तिकडे सात. मधल्या वर्षांत एकतर कंपनीनं स्वतः बॅकपोर्ट करायचं, नाहीतर फोन नव्या ब्रँचवर न्यायचा. दोन्हीला माणसं लागतात, पैसा लागतो. महागड्या फोनला ते परवडतं. अकोल्यात, अमरावतीत दहा-बारा हजारांचे जे फोन आपण घेतो, त्यांच्या मागे कोण बसणार? माझा अकोल्याचा मावसभाऊ म्हणतो, “अपडेट कायले पाह्यजे, फोन तं चालून राह्यला नं!” चालतोच तो. भोक असलेला फोनही मस्त चालतो. मी तर दुकानात मेगापिक्सेलच्या आधी अपडेटची वर्षं विचारतो. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

तुमचा फोन पाहायचा असेल तर सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन असं जा. फोनप्रमाणे नावं थोडी बदलतात. तिथं कर्नलचा आकडा आणि सिक्युरिटी पॅचची तारीख दिसेल. काही कंपन्या तिसरा आकडा न वाढवता दुरुस्ती टाकतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून घाबरू नका. पॅचची तारीख वर्षभर मागे असेल, तर मात्र त्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवायचं का, याचा विचार करा.