कमरेच्या वर, कमरेच्या खाली



तिरंगा अंगावर वागवला तर त्याचा अपमान होतो का? हा वाद अधूनमधून पेटतो, आणि त्यात एखाद्या बाईचा पेहराव सापडला की त्याला विशेष धार चढते. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी मंदिरा बेदीने नेसलेल्या साडीवर सहभागी देशांचे झेंडे छापलेले होते. त्यातला तिरंगा पायांकडे आला म्हणून गदारोळ झाला. तिने माफी मागितली.

कायदा काय म्हणतो? राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ध्वजाचा पोशाखात वापरच नको, असा आधी नियम होता. २००५ मध्ये तो सैल झाला: कमरेच्या वर चालेल, खाली नाही. उशा, हातरुमाल, अंतर्वस्त्रे यांवर तर नाहीच. कुठल्याही कापडावर ध्वज छापणे वा भरणे हाही अवमान, असे त्यात वेगळे कलम आहे. म्हणजे त्या साडीवर बोट ठेवायला तेवढे पुरेसे होते. पण गदारोळ छपाईवरून झाला नाही, पायांवरून झाला.

कमरेची ही रेघ आली कुठून? कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही, 'कोणाही व्यक्तीच्या' असेच म्हटले आहे. पण शरीराचा खालचा भाग कमी प्रतीचा, तिथे पवित्र वस्तू लागली की बाटली, ही समजूत कायदा करणाऱ्यांनी समाजातून आयती उचलली आहे. पाळीच्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू न देणारी समजूत हीच. चातुर्वर्ण्याने देहाची अशीच वाटणी केली. ज्यांच्या वाट्याला पाय आले त्यांनी पिढ्यानपिढ्या काय भोगले, ते इथे सांगायला नको. शिवाय साडी हे एकसलग वस्त्र. पदर खांद्यावर, निऱ्या पावलांवर. तिच्यात वरचे कुठले नि खालचे कुठले? (शाळेच्या कार्यक्रमात भारतमाता तीन रंगांची साडी नेसून उभी राहते, तेव्हा निऱ्या कुणी मोजत नाही.)

पुस्तकाला पाय लागला तर आपणही चटकन नमस्कार करतो. ती भावना खोटी नाही, तिची टिंगल करायचे कारण नाही. ध्वजाचे पायपुसणे कुणी केले तर आम्हालाही राग येईल. तो राग करणाऱ्याच्या हेतूचा असेल. अंगावर कौतुकाने वागवलेल्या कापडाला तोच गुन्हा लावायचा, तर बाईच्या अर्ध्या देहालाच गुन्हेगार ठरवावे लागते.

आणि हे कापड आले कुठून? १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत हंसा मेहतांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला. हुबळीच्या बेंगेरीतल्या खादी केंद्रात ध्वज तयार होतात, तिथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बाया आहेत. आपल्याकडे नांदेडलाही हे काम होते. शिवणाऱ्या बाईला कापड मांडीवर घ्यावेच लागते. २०२१ च्या अखेरीस यंत्रावरच्या पॉलिस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली आणि सूत कातणाऱ्या हातांच्या पोटावर पाय आला. त्या पायाबद्दल कुणाच्या भावना दुखावल्याचे फारसे ऐकू आले नाही.

आम्हाला खरा अपमान दिसला तो २०१८ मध्ये. जम्मूतल्या कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकले, आणि आरोपींच्या समर्थनार्थ मोर्चा निघाला. मोर्चात तिरंगे होते. कमरेच्या चांगले वर, उंच धरलेले. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, पठाणकोटच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. साडीवरून पेटून उठणारी मंडळी या झेंड्यांबद्दल तशी पेटल्याचे आम्हाला आठवत नाही.

अशा मोर्च्यांवर कलम लावा, अशी आमची मागणी नाही. अवमानाचे कायदे कुणावर आधी उगारले जातात, हे चळवळीत पुरेसे पाहून झाले आहे. मागणी एवढीच, की कायद्यातली ती कमरेची अट काढावी. गटांतून यावर मतभेद असणार, आमच्यातही झाले. तुमच्याकडे काय चर्चा झाली ते जरूर कळवा, विरोधातली पत्रेही छापू.