अगत्याचा जमाखर्च

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गोव्याच्या समुद्रकाठच्या एखाद्या पंचतारांकित रिसॉर्टची जाहिरात उघडून पाहिली तर तीत काय असते? पोहण्याचा निळा तलाव, पांढऱ्याशुभ्र चादरी, माडांच्या रांगा आणि सूर्यास्त. पैकी सूर्यास्त मिरामारच्या वाळूत शेंगदाणे खात बसलेल्या माणसालाही तेवढाच दिसतो. माड कोकणात कुणाच्याही परसात असतात. चादरी आणि तलाव पैसा असला की कोणताही मालक विकत आणू शकतो. मग एका रात्रीला पंधरा-वीस हजार रुपये मोजणारा पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा त्याच हॉटेलात का जातो, आणि शेजारच्या तितक्याच महागड्या हॉटेलाचे नावही का काढत नाही? माझ्या मते याचे उत्तर पाच-दहा रुपयांच्या बारीकसारीक गोष्टींत आहे. आणि त्या गोष्टींमागे जो नोकरमाणूस उभा असतो, त्याचा हिशेब मात्र अजून कुणी नीट मांडलेला नाही.

कुणी म्हणेल, श्रीमंतांच्या या चैनीशी आपला काय संबंध? संबंध आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्यापैकी थोडेच तिथे पाहुणे म्हणून राहतील. पण बेळगाव, खानापूर, चंदगडकडची कितीतरी मुले तिथल्या हॉटेलांत खोल्या आवरतात, ताटे वाढतात, बिले लिहितात. पदवी हाती आल्यावर आपल्यापैकीही काहीजण तीच वाट धरतील. तेव्हा हा धंदा कशावर चालतो हे समजून घेतलेले बरे.

१९७४ साली सिकेरीच्या किनाऱ्यावर आग्वाद किल्ल्याला लागून ताजचे फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट सुरू झाले. गोव्यातल्या पहिल्या मोठ्या रिसॉर्टांपैकी ते एक. किल्ला १६१२ सालचा, आणि त्याचे नावच मुळी पाण्यावरून पडलेले. महिनोन्महिने खारा समुद्र कापत आलेली युरोपातली गलबते इथल्या झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. आपल्याकडेही प्रवासाहून आलेल्याला आधी पाणी देण्याची रीत आहे. पाय धुवायला तांब्याभर पाणी, मग गुळाचा खडा आणि प्यायला गार पाणी. कानडी शेजाऱ्यांच्या घरी गेलो तर तेच 'बेल्ल-नीरु' पुढे येते. आजच्या रिसॉर्टमध्ये शिरताच हाती येणारे कोकम सरबत किंवा शहाळे हे त्या गूळपाण्याचेच श्रीमंत भावंड होय.

समुद्रकाठ सुंदर खरा, पण तो माणसाला छळतोही. पायाला वाळू चिकटते, अंगावर मीठ वाळते, ओले कपडे दमट हवेत वाळत नाहीत, दुपारची वाळू तव्यासारखी तापते. हा त्रास ज्याने आधी ओळखला, त्याचे हॉटेल पाहुण्याच्या लक्षात राहते. खोलीच्या पायरीशी पाण्याने भरलेला दगडी डोण, त्यात एक करवंटीची पळी आणि पुढे काथ्याचे पायपुसणे. एवढी सोय केली की पाहुण्याची वाळू बाहेर राहते आणि झाडणाऱ्याचे श्रमही वाचतात. मागच्या बाजूला ओले कपडे टाकायला एक दोरी आणि चार चिमटे हवेत. शोभा बिघडते म्हणून ही दोरी पुष्कळ ठिकाणी बांधत नाहीत. मग पाहुणे ओले पंचे खुर्च्यांच्या पाठींवर टाकतात आणि शोभा जायची ती जातेच! मोरजी आणि आगोंदच्या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालायला येतात. त्या दिवसांत समुद्राकडचे दिवे मालवून ठेवणे हेही अगत्यच, कारण प्रखर उजेडाने पिले समुद्राची दिशा चुकतात.

मालदीवमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या सोनेवा फुशी या रिसॉर्टने तर याहून सोपी युक्ती केली. पाहुणा आला की त्याची पादत्राणे काढून घेऊन पिशवीत ठेवून द्यायची. परत निघेपर्यंत त्याने वाळूतून अनवाणी हिंडायचे. यात खर्च एका कापडी पिशवीचा. पण शहरातून आलेल्या माणसाला कित्येक वर्षांनी तळपायाला माती लागते, आणि घरी गेल्यावर तो दहाजणांना सांगतो ते नेमके हेच.

आता वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न. या सगळ्याची नोंद वहीत कुठे होते? पिशवीची, दोरीची, सरबताची रक्कम खर्चाच्या बाजूला पडते. त्यातून जी ख्याती मिळते, जिला आपण वर्गात गुडविल म्हणतो, ती मात्र जमेच्या बाजूला दिसत नाही. आपल्या देशातल्या सव्विसाव्या लेखामानकाप्रमाणे धंद्याने स्वतः कमावलेली ख्याती ही मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवताच येत नाही; धंदा विकत घेणाऱ्याने तिची किंमत मोजली तरच ती घेणाऱ्याच्या वहीत उतरते. नियम रास्त आहे, नाहीतर जो तो आपली ख्याती कोट्यवधींची लावील. पण जे वहीत दिसत नाही ते मालकाच्या डोळ्यांनाही हळूहळू दिसेनासे होते, हे त्यातले दुःख.

माझा एक मावसभाऊ उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होता. एक वयस्कर बाई किनाऱ्यावरून खोलीकडे चढताना दोनदा थांबतात, भिंतीला हात लावतात, हे त्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने वाटेवरच्या झाडाखाली वेताची खुर्ची आणि पाण्याचा जग ठेवला. त्याला कुणी सांगितले नव्हते. पुढच्या डिसेंबरात त्या बाई परत आल्या आणि त्यांनी त्याची चौकशी केली, असे त्याला तिथल्या मित्राकडून कळले. तो मात्र तेव्हा खानापुरात एका दुकानात काम करीत होता. जूनमध्ये पाऊस लागला, गर्दी ओसरली, कंत्राट संपले, आणि हंगाम सुरू झाल्यावर त्याच्या जागी नवा मुलगा घेतला गेला. नव्या मुलाला झाडाखालच्या खुर्चीचा पत्ताही नव्हता.

स्वागताचा हार, हात जोडणे, पंच्याचा हंस करून पलंगावर ठेवणे, हे सारे परिपत्रक काढून शिकवता येते. पण कोण कुठे थांबले, कुणी ताटात काय टाकले, हे पाहायला नजर लागते. ती नजर अनुभवाने येते, आणि दर पावसाळ्यात माणसे बदलली तर ती हॉटेलात टिकायची कशी?

यावर 'बक्षिसी मिळते की त्यांना' असे सांगण्यात येते. बक्षिसी ही पाहुण्याची मर्जी. तिच्यावर घर चालत नाही. बिलात परस्पर सेवाशुल्क लावण्याचा मार्गही आता उरलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. मला हे योग्यच वाटते. अगत्याची सक्तीने वसुली झाली की ते अगत्य राहत नाही. पण मग त्या नजरेचे मोल पगारातूनच दिले पाहिजे, दुसरा रस्ता नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे. अनुभवी माणसांना पावसाळ्यात निदान अर्ध्या पगारावर तरी धरून ठेवावे. गळती काढणे, डागडुजी, नव्यांना शिकवणे ही कामे त्याच दिवसांत असतात. पाहुण्याची अडचण दिसली तर थोडा खर्च स्वतःच्या अक्कलहुशारीने करण्याची मुभा द्यावी. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसाखळीत साध्या कर्मचाऱ्यालाही वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यामागे दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करता येतो, हे प्रसिद्धच आहे. आपल्याकडे दोनशे रुपयांची मुभा दिली तरी फरक पडेल. आणि कामगारांच्या राहण्याच्या खोल्यांतही एक पंखा, एक माठ आणि कपडे वाळत घालायला एक दोरी असावी.

मित्रहो, उद्या आपल्यातला कुणी अशा हॉटेलात हिशेबनीस म्हणून बसेल. मालक खर्च कापायला सांगेल तेव्हा त्याची पेन्सिल आधी जूनच्या पगारपत्रकाकडे वळेल. तेव्हा त्याने जरा थांबावे आणि त्या यादीतल्या कुणाची नजर आपल्याला परत विकत घेता येणार नाही, याचा एकदा विचार करावा.